नवा प्रोसेसर की जुनाच पुरे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच मुद्द्याभोवती फिरतात : डेस्कटॉपचा नव्या पिढीचा प्रोसेसर मागच्या पिढीपेक्षा किती वेगवान? एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. नावातला पिढीचा आकडा कंपनी ठरवते, तो वेग मोजून दिलेला नसतो. कधी त्या आकड्याखाली पूर्णपणे नवी रचना असते, कधी जुनीच चिप थोडा वेग वाढवून येते आणि काही कामांत नवा प्रोसेसर जुन्याच्या मागेही पडतो. निवडलेल्या पत्रांत हे तिन्ही प्रकार आहेत.

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात चार संगणक आहेत, चारहींत कोअर आय५-१२४००. टॅली, एक्सेल, जीएसटी पोर्टल आणि ब्राउझर एवढंच काम. दुकानदार म्हणतात, आय५-१४४०० बसवा, मदरबोर्ड तोच चालेल आणि दोन पिढ्या पुढे जाल. फरक जाणवेल का? (कराड)

मदरबोर्डाबद्दल ते बरोबर सांगताहेत. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच) एकच आहे, एलजीए१७००. ‘दोन पिढ्या पुढे’ हे मात्र नावापुरतंच खरं आहे.

१२४०० मध्ये ६ परफॉर्मन्स कोअर (जड कामाचे), १२ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धारा), कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ आणि १८ एमबी एल३ कॅश (चिपवरचीच जलद मेमरी). १४४०० मध्येही परफॉर्मन्स कोअर ६च, सोबत ४ एफिशियन्सी कोअर (छोटे, कमी वीज खाणारे), एकूण १६ थ्रेड, कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, एल३ कॅश २० एमबी. आता एल२ कॅश (कोअरच्या आणखी जवळची) पाहा : १२४०० मध्ये ७.५ एमबी, १४४०० मध्ये ९.५ एमबी. वाढलेले २ एमबी चार एफिशियन्सी कोअरच्या गटाचे आहेत. परफॉर्मन्स कोअरच्या वाट्याला दोन्हींत प्रत्येकी १.२५ एमबीच येते, म्हणजे मुख्य कोअर बाराव्या पिढीच्या घडणीचाच आहे. तेराव्या पिढीत सुधारलेल्या कोअरला २ एमबी एल२ आहे आणि तो आय५ मध्ये हवा असेल तर १३६००के किंवा १४६००के पर्यंत जावं लागतं. १३४०० आणि १४४०० यांच्यात तर फक्त १०० मेगाहर्ट्झचा फरक आहे.

एका कोअरवर चालणाऱ्या कामात तुम्हाला जास्तीत जास्त सात टक्के मिळतील. व्हिडिओ रेंडर करणं किंवा मोठी फाइल झिप करणं, अशा कामांत जादा चार कोअर नक्की उपयोगी पडतात, पण तुमच्या यादीत तसं काहीच नाही.

त्यामुळे आधी संगणक नेमका कशासाठी थांबतो ते शोधा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स पानावरच्या सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्स हा पर्याय निवडा आणि मग टॅलीत किंवा एक्सेलमध्ये हळू चालणारं काम सुरू करा. एकूण वापराचा आकडा इथे फसवतो. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण वापर जेमतेम ८ टक्के दिसतो. एखादी चौकट सतत शंभर टक्क्यांना टेकलेली असेल तर काम एका कोअरवर अडलंय. एक्सेलचे मॅक्रो एकाच थ्रेडवर चालतात, तिथे हे हमखास दिसतं. सगळ्या चौकटी शांत असतील तर प्रोसेसर बिचारा रिकामाच बसलाय.

कार्यालयांमध्ये खरी अडचण बहुधा तीनपैकी एका ठिकाणी निघते. एक, ८ जीबीची एकच रॅम पट्टी. तशीच दुसरी बसवली की क्षमता वाढते आणि मेमरी दोन चॅनलवर चालू लागते. दोन, विंडोज किंवा टॅलीचा डेटा अजून हार्ड डिस्कवर असणं. तीन, नेटवर्क, आणि याकडे कुणी बघतच नाही. टॅलीचा डेटा एका संगणकावर ठेवून बाकीचे तो शेअर करून वापरत असतील, तर नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड वाचा. तिथे १००० ऐवजी १०० एमबीपीएस दिसलं तर स्विच जुना आहे किंवा केबलच्या आठपैकी चारच तारा क्रिम्प केल्या आहेत. केबलचं टोक नीट करायला चार प्रोसेसर लागत नाहीत.

एवढं तपासूनही प्रोसेसर बदलायचाच असेल तर जुना बसलेला असतानाच बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या. २०२२ च्या सुरुवातीला आलेल्या एच६१० आणि बी६६० बोर्डांचा मूळ बायोस पुढच्या पिढ्यांना ओळखत नाही. स्वस्त एच६१० बोर्डावर वीजपुरवठ्याचा भागही बघा : १२४०० ची कमाल टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे, १४४०० ची १४८ वॅट.

प्रश्न : रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४-३२०० रॅम, आरटीएक्स ३०६० टीआय आणि १०८०पी १४४ हर्ट्झचा मॉनिटर आहे. खेळताना सरासरी फ्रेम बऱ्या येतात, पण गर्दीच्या जागी एकदम अडखळतं. रायझन ७ ५७००एक्स३डी टाकावा की सगळंच बदलून एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर जावं? (पुणे)

पैसे काढण्याआधी प्रोसेसरच अडवतोय याची खात्री करा. व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमवरची मर्यादा बंद करा, जिथे अडखळतं त्याच जागी उभे राहा आणि पडद्यावर ग्राफिक्स कार्डाचा वापर दाखवणारा ओव्हरले लावा. वापर ९७ ते ९९ टक्के असेल तर कार्ड आपल्या मर्यादेला पोचलंय, नवा प्रोसेसर तिथे काही करू शकत नाही. वापर ७०-८० टक्क्यांवर घसरत असेल तर कार्ड प्रोसेसरची वाट बघतंय. पडताळा म्हणून रेझोल्यूशन निम्म्यावर आणा. फ्रेम जवळपास तेवढ्याच राहिल्या तर निदान पक्कं.

तुमच्या वर्णनावरून प्रोसेसरचाच संशय येतो, आणि त्यामागे रचनेचं कारण आहे. २०१९ च्या ३६०० मध्ये सहा कोअर तीन-तीनच्या दोन गटांत आहेत आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र १६ एमबी एल३ कॅश आहे. एका गटातल्या कोअरला दुसऱ्या गटाकडची माहिती हवी असेल तर लांबून फिरून यावं लागतं. २०२० च्या अखेरीस आलेल्या एएमडीच्या झेन ३ रचनेने ही फाळणी काढून टाकली : ५६००एक्सचे सहाही कोअर एका गटात, सगळ्यांना मिळून ३२ एमबी. खेळांत झेन ३ ची उडी मोठी दिसली याचं बरंचसं श्रेय या बदलाला जातं. एक्स३डी प्रकारात चिपवर आणखी ६४ एमबी कॅशचा थर चढवलेला असतो, एकूण ९६ एमबी. कॅशमध्ये सापडलेली गोष्ट साधारण १० ते १५ नॅनोसेकंदांत हाती येते, रॅमपर्यंत जावं लागलं तर ७०-८० नॅनोसेकंद जातात. ओट्यावरच्या मिसळणाच्या डब्यातून मोहरी घेणं आणि तीच आणायला माळ्यावर चढणं, इतका हा फरक आहे. खेळात प्रत्येक फ्रेमला शेकडो पात्रांची, वस्तूंची विखुरलेली माहिती लागते. म्हणून गर्दीच्या जागी कॅशचा फायदा सर्वाधिक दिसतो, आणि सरासरीपेक्षा सर्वांत हळू एक टक्का फ्रेममध्ये जास्त दिसतो. तुमचा त्रास नेमका तोच आहे.

हा फायदा सगळ्या कामांत मिळत नाही. ५७००एक्स३डी चा कमाल वेग ४.१ गिगाहर्ट्झ आहे, साध्या ५८००एक्सचा ४.७. व्हिडिओ एन्कोडिंग किंवा रेंडरमध्ये ५८००एक्सच पुढे राहतो. पिढी एकच, कोअर आठच, आणि कामाप्रमाणे विजेता बदलतो.

आमचं मत : ५७००एक्स३डी रास्त किमतीत आणि पक्क्या बिलासह मिळाला तर तोच घ्या. नसेल तर साधा ५६०० घ्या. आरटीएक्स ३०६० टीआयला तो बहुतेक खेळांत पुरतो. एएम५ वर जायचं म्हणजे बोर्ड, डीडीआर५ रॅम आणि प्रोसेसर, तिन्ही नवे. तिथला सहा कोअरचा ७६००एक्स खेळांत सरासरीने ५८००एक्स३डीच्या (५७००एक्स३डीचा थोडा वेगवान भाऊ) आसपास येतो, म्हणजे एवढ्या खर्चानंतर या कार्डावर लगेच मिळणारा फायदा बेताचा. एएम५ चं खरं आकर्षण पुढच्या बदलाची सोय हे आहे. एएमडीने या सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही साथ देण्याचं जाहीर केलंय. ग्राफिक्स कार्डही वरच्या दर्जाचं घ्यायचं ठरलं असेल तरच आता तिकडे वळा, आणि तेव्हा ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बघा. ९८००एक्स३डी मध्ये कॅशचा थर कोअरच्या वर नसून खाली आहे. त्यामुळे कोअरची उष्णता सरळ कूलरकडे जाते, आणि वेग ५.० वरून ५.२ गिगाहर्ट्झवर नेता आला.

एएम४ वर, म्हणजे तुमच्या सध्याच्या सॉकेटवर, प्रोसेसर बदलताना लोक कुठे अडकतात, ते क्रमाने सांगतो. आधी बोर्डाच्या कंपनीच्या पानावर तुमच्याच मॉडेलची सीपीयू यादी काढून कोणत्या आवृत्तीपासून हा प्रोसेसर चालतो ते लिहून घ्या. बी४५० च्या काही बोर्डांत बायोसची चिप १६ एमबीची आहे. नव्या प्रोसेसरला जागा करण्यासाठी नव्या आवृत्तीतून काही जुन्यांची साथ काढलेली असते, आणि काही बोर्डांवर मागच्या आवृत्तीवर परत येता येत नाही. मग बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) रिकव्हरी की छापून किंवा फोनमध्ये ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा. विंडोज होममध्ये हेच डिव्हाइस एन्क्रिप्शन या नावाने चालू असू शकतं. प्रोसेसर बदलला की त्यातला टीपीएम (कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग) हाही बदलतो, संगणक पहिल्याच वेळी की मागतो आणि ती नसेल तर सगळा डेटा कुलूपबंद. हे शंभरदा सांगावंसं वाटतं.

बायोसची फाइल फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर घ्या, अपडेट यूपीएसवर चालवा, मध्ये वीज गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. अपडेटनंतर सेटिंग मूळपदावर येतात, त्यामुळे रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) पुन्हा चालू करायला विसरू नका. नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालेल आणि नवा प्रोसेसर हळू म्हणून त्याच्या माथी दोष येईल. कूलर काढण्याआधी संगणक दहा मिनिटं कामाला लावून पेस्ट गरम होऊ द्या. मग बंद करून, वायर काढून, कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवत सोडवा. सरळ वर ओढला तर सॉकेटची खिटी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून बाहेर येतो आणि खालच्या पिना वाकतात. ३६०० सोबतचा छोटा कूलर १०५ वॅट दर्जाच्या एक्स३डीला अपुरा आहे. टॉवर प्रकारचा, निदान १२० मिलिमीटर पंख्याचा घ्या.

प्रश्न : रायझन ७ ७७००एक्स आणि ९७००एक्स यांची तीन परीक्षणं वाचली. एकात फरक नगण्य, दुसऱ्यात दहा-बारा टक्के, तिसऱ्यात त्याहून बराच मोठा. कुणी चुकतंय का? काम सी++ चे मोठे प्रकल्प बिल्ड करण्याचं. (ठाणे)

तिघंही आपापल्या परीने बरोबर असू शकतात, कारण तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या असाव्यात.

दोन्हींत कोअर ८, थ्रेड १६, एल३ कॅश ३२ एमबी. कमाल वेग ५.४ आणि ५.५ गिगाहर्ट्झ. मोठा फरक विजेचा आहे : ७७००एक्स १०५ वॅट दर्जाचा असून प्रत्यक्षात सॉकेटमधून १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो, ९७००एक्स ६५ वॅट दर्जाचा असून ८८ वॅटवर थांबतो. सगळे कोअर भरणाऱ्या कामात नवा प्रोसेसर बांधलेल्या हातांनी धावतो, तरी जुन्याची बरोबरी करतो किंवा जरासा पुढे जातो. पहिलं परीक्षण बहुधा अशा चाचण्यांचं असावं. न्याय्य तुलना हवी तर ९७००एक्सच्या समोर साधा ७७०० ठेवा, तोही ६५ वॅटचाच आहे. तिथे झेन ५ ची (ही ९७००एक्सची रचना, ७७०० आणि ७७००एक्सची झेन ४) सुधारणा स्पष्ट दिसते.

दुसरं कारण विंडोज. ऑगस्ट २०२४ मध्ये हे प्रोसेसर आले तेव्हा ब्रँच प्रेडिक्शनशी (प्रोग्रॅम पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज) संबंधित एक सुधारणा विंडोज ११ च्या सर्वसाधारण आवृत्तीत नव्हती. ती २४एच२ मध्ये आली आणि २३एच२ साठी केबी५०४१५८७ या अपडेटमधून मिळाली. तिचा लाभ झेन ३ आणि झेन ४ लाही होतो, म्हणून जुन्या विंडोजवर मोजलेला ७७००एक्स आणि नव्या विंडोजवर मोजलेला ९७००एक्स शेजारी ठेवणं चुकीचं. त्यानंतर अॅजेसा (बायोसमधला एएमडीने पुरवलेला गाभा) १.२.०.२ च्या बायोसमध्ये ९६००एक्स आणि ९७००एक्ससाठी १०५ वॅटचा पर्यायही आला, तो वापरला तरी वॉरंटी कायम राहते.

तिसरं, एव्हीएक्स-५१२, म्हणजे एकाच सूचनेत ५१२ बिट माहितीवर काम करण्याची सोय. झेन ४ अशा सूचना २५६ बिटच्या दोन हिश्श्यांत पार पाडतो, डेस्कटॉपवरचा झेन ५ पूर्ण ५१२ बिट एका दमात. ज्या प्रोग्रॅमना हे वापरता येतं तिथे फरक खूप वाढतो. तिसऱ्या परीक्षणात अशा चाचण्यांचा भरणा असेल.

बिल्डच्या कामात एव्हीएक्स-५१२ चा फारसा संबंध येत नाही, तिथे कोअर, वीजमर्यादा आणि रॅम मोजतात. १०५ वॅटचा पर्याय चालू करून ९७००एक्स चांगला धावेल, पण ७७००एक्स आधीच असेल तर बदलू नका. त्याच पैशांत ३२ जीबीवरून ६४ जीबीवर जा. आठ-दहा मोठ्या फाइल एकाच वेळी कम्पाइल होताना रॅम संपली आणि डिस्कवर स्वॅप सुरू झालं तर कोणत्याही पिढीचा प्रोसेसर गुडघे टेकतो. रॅम वाढवताना मात्र दोन पट्ट्या काढून मोठ्या दोन घाला. एएम५ वर चार पट्ट्या लावल्या की मेमरीचा अधिकृत वेग ३६०० वर येतो. आणि नव्या रॅमनंतर पहिल्यांदा चालू करताना पडदा काही मिनिटं काळा राहू शकतो. बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करत असतो, घाबरून बटण दाबू नका.

प्रश्न : लग्नाच्या व्हिडिओंचं संपादन करते. आय७-१०७०० आहे. कॅमेऱ्याचं फुटेज फोर-के, १०-बिट ४:२:२, एचईव्हीसी. टाइमलाइन हलतच नाही. कोअर अल्ट्रा ७ २६५के घेऊ की आय७-१४७००के? नव्यात थ्रेड कमी कसे? (कोल्हापूर)

ताई, तुमच्या टाइमलाइनचं दुखणं कोअरच्या संख्येत नाही. १०७०० मध्ये आठ कोअर आहेत, पण त्यातल्या अंतर्गत ग्राफिक्सला एचईव्हीसीचं (एच.२६५) ४:२:२ १०-बिट, म्हणजे रंगांची जादा माहिती असलेलं, फुटेज उलगडताच येत नाही. ते सगळं ओझं कोअरवर येतं. डेस्कटॉपवर ही सोय अकराव्या पिढीपासून आहे, त्यामुळे १४७००के काय किंवा २६५के काय, दोन्हींवर टाइमलाइन धावेल. मात्र एफ किंवा केएफ शेपटीचा प्रोसेसर अजिबात घेऊ नका, त्यात अंतर्गत ग्राफिक्स नसतं आणि थोडे पैसे वाचवण्याच्या नादात मूळ उद्देशच जातो.

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर काही बोर्ड अंतर्गत ग्राफिक्स आपणहून बंद करतात. बायोसमध्ये ते चालू ठेवण्याचा पर्याय शोधा, इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका आणि संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर डिकोडिंगसाठी इंटेल निवडा. काम खरंच तिकडे गेलंय का, हे टास्क मॅनेजरमध्ये इंटेलच्या जीपीयूखाली व्हिडिओ डिकोडच्या आलेखावर दिसतं. एक सावधगिरी : एखादा कॅमेरामन एच.२६४ मध्ये ४:२:२ १०-बिट रेकॉर्ड करून देत असेल तर ते १४७००के वरही कोअरवरच उलगडतं. त्याला एचईव्हीसीत रेकॉर्ड करायला सांगा, नाहीतर प्रॉक्सी (संपादनापुरत्या हलक्या प्रती) बनवा.

आता थ्रेड. दोन्ही प्रोसेसरांत ८ परफॉर्मन्स आणि १२ एफिशियन्सी कोअर आहेत. १४७००के मध्ये प्रत्येक परफॉर्मन्स कोअर हायपरथ्रेडिंगने दोन थ्रेड चालवतो, म्हणून २८. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या अल्ट्रा २०० मालिकेत इंटेलने हायपरथ्रेडिंग काढून टाकलं, म्हणून २०. भरपाई एफिशियन्सी कोअरने केली : इंटेलच्या दाव्यानुसार नवा एफिशियन्सी कोअर समान वेगाला सरासरी ३२ टक्के जास्त काम करतो, परफॉर्मन्स कोअर ९ टक्के. रेंडर आणि एक्स्पोर्टमध्ये २६५के त्यामुळे मागे राहत नाही आणि वीज कमी खातो. खेळांत मात्र तो सुरुवातीला १४७००के च्या मागे पडला. नव्या रचनेत चिप तुकड्यांत विभागलेली आहे, मेमरी कंट्रोलर कोअरपासून वेगळ्या तुकड्यावर गेलाय, त्यामुळे रॅमपर्यंतचा फेरा लांबला. नंतरच्या बायोस आणि विंडोज अपडेटांनी काही खेळांत सुधारणा झाली.

तुमच्या कामाला आम्ही २६५के सुचवतो. दोन्हींसाठी नवा बोर्ड लागणारच आहे, कारण १०७०० चं सॉकेट वेगळं. संपादनाचा संगणक तासन्‌तास पूर्ण भाराखाली चालतो, तिथे कमी उष्णता हा मोठा गुण आहे. दुसरं कारण १४७००के च्या इतिहासात आहे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या वरच्या प्रोसेसरांत जादा व्होल्टेजमुळे हळूहळू खराबी येत असल्याचं इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, त्या ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवा कोरा १४७००के ताज्या बायोससह घेण्यात अडचण नाही. वापरलेला मात्र टाळा. आधी झालेली झीज अपडेटने भरून येत नाही. अशा चिपची लक्षणंही चकवणारी असतात : कार्डाची मेमरी रिकामी असताना ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ असा संदेश, मोठी झिप उलगडताना सीआरसीची (फाइल बिघडल्याची) चूक, इन्स्टॉलेशन मध्येच फसणं.

प्रश्न : शाळेत आय७-७७०० चे संगणक आहेत. कुणी म्हणतं आय३ घेणं म्हणजे मागे जाणं. खरं का? (मडगाव)

नाही. २०१७ चा आय७-७७०० आणि २०२२ चा आय३-१२१०० शेजारी ठेवा : दोन्हींत ४ कोअर, ८ थ्रेड, कमाल वेग ४.२ आणि ४.३ गिगाहर्ट्झ. कागदावर सारखे, तरी एका कोअरचं काम १२१०० साधारण दीडपट वेगाने करतो. एका ठोक्यात होणारं काम वाढलंय, म्हणून. शिवाय विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि ७७०० विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. निधी बेताचा असेल तर लिनक्स टाकून, एसएसडी लावून हेच संगणक टायपिंग आणि प्रोग्रॅमिंगच्या तासांना अजून चालवता येतील.

प्रश्न : जुन्या-नव्या प्रोसेसरची तुलना घरी स्वतः कशी करावी? उन्हाळ्यात आमच्याकडे खोलीतच ४० अंश असतं, आकडे रोज बदलतात. (चंद्रपूर)

आकडे बदलतात ते बरोबरच आहे. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश वर ठेवतो. खोली १० अंशांनी तापली की चिपही जवळपास तेवढीच तापते. बाराव्या ते चौदाव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर १०० अंशांना, साधे रायझन ७००० हे ९५ ना आणि ७८००एक्स३डी ८९ ला स्वतःचा वेग कमी करतात. मर्यादेला टेकण्याआधी तापमानाने वेगावर फार परिणाम होत नाही, टेकल्यावर मात्र आकडे कोसळतात. म्हणून कॅबिनेटच्या पुढच्या पंख्याजवळ साधा थर्मामीटर ठेवा आणि प्रत्येक निकालासमोर तो आकडा लिहा. जुना प्रोसेसर जानेवारीत आणि नवा मे महिन्यात मोजला तर ती तुलना फेकून द्या.

बदलण्याआधी जुन्याची मोजणी पूर्ण करून ठेवा, हे पहिलं. विंडोजची आवृत्ती, ड्रायव्हर, पॉवर प्लॅन आणि कोअर आयसोलेशनमधलं मेमरी इंटेग्रिटी (विंडोजची एक सुरक्षा-सोय) दोन्ही वेळा तेच असू द्या. त्यातलं शेवटचं बदललं तर खेळांचे आकडे काही टक्क्यांनी हलतात. रॅम खऱ्या वेगाने चालतेय का ते टास्क मॅनेजरच्या मेमरी पानावर बघा.

मग दीर्घ भार. सिनेबेंच २०२४ ची दहा मिनिटांची चाचणी चालवा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो (चिपचे आकडे दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा. पॅकेज पॉवर, इफेक्टिव्ह क्लॉक आणि थर्मल थ्रॉटलिंग, या तीन ओळी महत्त्वाच्या. एक मिनिटाची चाचणी इंटेलवर फसवते, कारण सुरुवातीची काही सेकंदं चिप कमाल टर्बो वीज घेते आणि मग मूळ मर्यादेवर येते. १२४०० असेल तर ११७ वॅटवरून ६५ वर. काही बोर्ड ही मर्यादा गुपचूप उठवतात, बायोसमध्ये ४०९५ किंवा ४०९६ वॅट असा अशक्य आकडा दिसला की समजा. अशा बोर्डावरचा निकाल प्रोसेसरचा कमी आणि बोर्डाच्या सेटिंगचा जास्त असतो.

खेळासाठी त्यातली अंगभूत बेंचमार्क चाचणी चार वेळा चालवा. पहिला निकाल सोडून द्या, तेव्हा शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम) तयार होत असतात. उरलेल्या तिनांतला मधला घ्या. कॅपफ्रेमएक्स या फ्रेम मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सरासरीसोबत सर्वांत हळू एक टक्का फ्रेमचा आकडा मिळतो, अडखळण्याचा अंदाज त्यावरूनच येतो. प्रोसेसर तपासायचा असेल तर १०८०पी वर, ग्राफिक्सची सेटिंग कमी ठेवून. मात्र खरेदीचा निर्णय तुमच्या नेहमीच्या रेझोल्यूशनवर. फोर-के वर कार्डच मर्यादा घालतं आणि दोन प्रोसेसरांतला फरक बहुतेक पुसला जातो.

या सगळ्यापेक्षा मोलाची चाचणी म्हणजे तुमचं स्वतःचं काम : तोच प्रकल्प, तीच फाइल, हातात घड्याळ. टक्केवारी काढताना एक गफलत नेहमी होते. दहा मिनिटांचं काम आठ मिनिटांत झालं तर वेळ २० टक्क्यांनी वाचला, वेग मात्र २५ टक्क्यांनी वाढला. जाहिरातीत कोणता आकडा दिलाय ते बघत जा. विजेचा हिशेबही वॅटवर थांबवू नका, वेळेने गुणा. समजा एक प्रोसेसर १४२ वॅटवर काम ९ मिनिटांत संपवतो, दुसरा ८८ वॅटवर १० मिनिटांत. पहिल्याने २१.३ वॅट-तास खर्च केले, दुसऱ्याने १४.७. एका मिनिटासाठी एवढी उष्णता खोलीत सोडायची का, हे चंद्रपूरच्या मे महिन्यात तुम्हीच ठरवा. हव्या त्या प्रोसेसरची वीजमर्यादा बायोसमधून खाली आणून हीच चाचणी पुन्हा करता येते. सगळ्या कोअरच्या कामात शेवटचे काही टक्के मिळवायला चिप वीज कशी भरमसाट खाते, ते त्यात लगेच दिसतं.